उजवीकडे म्हणजे कोणाच्या?

गणपती पंधरा दिवसांवर आले असताना काकांनी माळ्यावरचं मखर खाली काढायला घेतलं. मखर अर्धं बाहेर आलं आणि काका तिथेच थांबले. पुढे नाही, मागे नाही. कमरेत 'कट्' असा आवाज झाल्याचं ते आजही शपथेवर सांगतात. काकूंच्या मते तो आवाज बंदीनंतर माळ्यावर दडवून ठेवलेल्या थर्माकोलचा होता. शेजारच्या दोघांनी आधी मखर आणि मग काका, अशा क्रमाने दोघांना शिडीवरून उतरवलं. हा क्रम कोणी ठरवला, याबद्दल घरात अजून बोललं जात नाही.

चार दिवसांत दुखणं उजव्या मांडीतून पोटरीत उतरलं आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. काकूंनी स्वतःच्या अधिकारात दिवसाचे चहा पाचावरून दोनवर आणले. चहाचा आणि कमरेचा संबंध काय, हे विचारण्याच्या स्थितीत काका नव्हते. रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी हातात पडला. डॉक्टर भेटणार सोमवारी. मधला अख्खा रविवार मोकळा. मराठी मध्यमवर्गीय घरात रिपोर्टचं पाकीट रविवारभर बंद राहिलं, असं कधी झालेलं नाही.

वाचनासाठी प्रस्तुत लेखकाला बोलावण्यात आलं. तो काकांचा पुतण्या, आणि घराण्यात बारावीला सायन्स घेतलेला तेवढा एकच. त्या सायन्सची हकिगत अशी की, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत त्याने बेडूक ट्रेमध्ये पालथा घातला, चारही पाय टाचण्यांनी नीटनेटके टोचले आणि पाठीकडून त्याचं हृदय शोधायला सुरुवात केली. परीक्षक बराच वेळ मागे उभे होते. शेवटी म्हणाले, "व्हेंट्रल बाजू वर हवी होती."

"सर, वर आहे तीच व्हेंट्रल ना?"

'व्हेंटर' म्हणजे लॅटिनमध्ये पोट आणि 'डॉर्सम' म्हणजे पाठ, एवढं त्याला त्या दिवशी ठाऊक असतं, तर महाराष्ट्राला आणखी एक डॉक्टर मिळाला असता. महाराष्ट्र थोडक्यात वाचला.

पाकीट उघडलं. पहिल्याच परिच्छेदात 'कोरोनल' हा शब्द दिसला आणि काकू दोन पावलं मागे सरकल्या. ड्रॉवरमधून जुना मास्क निघाला. पुतण्याने घाईघाईने खुलासा केला. लॅटिन 'कोरोना' म्हणजे डोक्यावर मिरवायची माळ, मुकुट. मुली जिथे हेअरबँड लावतात, साधारण तिथून कवटीच्या हाडांचा एक आडवा सांधा जातो. माळ तिथेच बसायची म्हणून तो कोरोनल. त्याच रेषेत माणूस वरपासून खालपर्यंत कापला, पुढचा भाग एकीकडे आणि मागचा एकीकडे, तर त्या कापालाही तेच नाव. विषाणूचं बारसं खूप नंतरचं, १९६८ सालचं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्याभोवती सूर्याच्या प्रभावळीसारखी झालर दिसली, म्हणून तोही कोरोना झाला.

"म्हणजे ह्यांना उभं कापलं का त्यांनी?"

"यंत्रात, काकू. चित्रात."

पुढचा शब्द 'सॅजिटल'. 'सॅजिटा' म्हणजे बाण. कवटीच्या माथ्यावरून पुढून मागे एक सरळ सांधा जातो. आडव्या सांध्याच्या कमानीवर तो असा टेकलेला असतो की, वरून पाहणाऱ्याला धनुष्याला बाण लावल्याचा भास व्हावा. बाण आणि धनुष्य जिथे भेटतात ती तान्ह्या बाळाची टाळू. आपल्याकडच्या आज्या-पणज्या त्या जागी पिढ्यान् पिढ्या तेल थापत आल्या, पण तिथे शस्त्रास्त्रं आहेत असं कुणाला वाटलं नाही. या बाणाच्या दिशेने माणूस कापला की डावा वेगळा, उजवा वेगळा. राशींमधला सॅजिटेरिअस, म्हणजे धनु, याच बाणाचा धनी.

"माझी रास धनुच आहे," काका पडल्यापडल्या म्हणाले.

"तरीच," काकू म्हणाल्या. तरीच काय, हे लग्नाच्या चौतिसाव्या वर्षी कुणी विचारत नाही.

मग 'कॉडा इक्वायना' आला. याचा सरळ अर्थ घोड्याची शेपटी. मज्जारज्जू काही कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच तो आवरतं घेतो आणि तिथून खाली नुसत्या नसांचा झुबका लोंबतो. पाहणाऱ्याला त्यात घोडा दिसला. कण्याच्या अगदी शेवटच्या हाडाला 'कॉक्सिक्स' म्हणतात. ते ग्रीकांना कुक्कू पक्ष्याच्या चोचीसारखं वाटलं, आणि हा शब्द त्या पक्ष्याचाच आहे. आपण त्याला माकडहाड म्हणून मोकळे झालो. माणसाला शेपटी नाही, तरी डॉक्टर 'शेपटीकडे' या अर्थाने 'कॉडल' म्हणतात ते म्हणतातच.

"घोडा, कुक्कू, माकड," काकूंनी बोटं मोजली. "लग्नाआधी पत्रिका पाहिली, हे बघायचं राहून गेलं."

खरा घोटाळा फिल्मने केला. काकांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली. काकडीच्या चकत्यांसारखे कमरेचे आडवे काप ओळीने मांडलेले होते, आणि त्यातल्या एका चकतीत गादी बाहेर येऊन नस दाबत होती. डाव्या बाजूला. काकांना दुखत होतं उजवीकडे. रिपोर्टमध्येही स्पष्ट 'राइट' लिहिलेलं. निष्कर्ष एकच निघत होता: फिल्म दुसऱ्या कुणाची तरी आहे. आता कुठेतरी एक डाव्या पायाचा माणूस काकांची फिल्म घेऊन हिंडतोय, या कल्पनेने काकांना त्या माणसाचीही काळजी वाटू लागली. ते पुतण्याच्या खांद्यावर भार टाकून तडक सेंटरवर गेले.

काउंटरवरच्या तंत्रज्ञ मुलीने फिल्म पाहिली. रोज तीन जण हीच तक्रार घेऊन येत असावेत, असा तिचा चेहरा होता.

"काका, ही तुमचीच आहे. बघणारा तुमच्या पायाशी उभा आहे, असं समजा."

"बघणारा म्हणजे कोण?"

"जो फिल्म बघतोय तो."

"मीच बघतोय की."

"मग तुम्हीच तुमच्या पायाशी उभे आहात."

काका एकदम गप्प झाले. आडव्या पडलेल्या स्वतःच्या पायाशी स्वतःच उभं राहण्याची वेळ माणसावर एकदाच येते, असं त्यांनी कीर्तनात ऐकलं होतं.

पण मुलीचं बरोबर होतं. सीटी किंवा एमआरआयचे आडवे काप पायाकडून डोक्याकडे बघितल्यासारखे मांडतात. रुग्णाची उजवी बाजू त्यामुळे बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचंही तसंच होतं, म्हणून छातीचा एक्स-रेही याच रीतीने पाहतात. वैद्यकात उजवं-डावं नेहमी रुग्णाचं. डॉक्टरचं नाही, नातेवाइकांचं नाही, आणि ट्यूबलाइटचं तर नाहीच.

घरी येऊन पुतण्याने हे काकूंना समजावण्यासाठी कागद, पेन आणि दोन वाट्या घेतल्या. काकूंनी वाट्या परत जागेवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "सोंडेसारखंच ना?"

पुतण्या पाहत राहिला. उजव्या सोंडेचा गणपती म्हणतात तो गणपतीच्या उजव्या बाजूला सोंड वळलेला. प्रभादेवीचा सिद्धिविनायक तसा, अष्टविनायकांतला सिद्धटेकचाही तसा. समोर उभ्या भक्ताला सोंड डावीकडे गेलेली दिसते. मूर्ती घ्यायला गेलेली कोणतीही मराठी बाई हे बघते ते देवाच्या अंगाने, स्वतःच्या नाही. आठ वर्षांपूर्वी काका एकटेच मूर्ती ठरवून आले होते. "डाव्या सोंडेची घेतलीय," म्हणाले. घरी आल्यावर कळलं की ती काकांच्या डावीकडची. मग उजव्या सोंडेचं कडक सोवळं कोण पाळणार यावरून जे झालं, त्यानंतर काकूंना कोणत्याही रेडिओलॉजिस्टकडून काही शिकायचं उरलं नव्हतं.

उरलेल्या माणसांची पंचाईत मात्र कायम आहे. पुण्यात पत्ता सांगताना "मारुतीच्या उजवीकडे" असं म्हणतात, तेव्हा ती मारुतीची उजवी की विचारणाऱ्याची, हे सांगणारा कधीच सांगत नाही. सांगून तो दार लावून घेतो. विचारणारा मारुतीला नमस्कार करतो आणि दोन्ही बोळ धुंडाळतो.

शरीरशास्त्रज्ञांना असे दोन-दोन बोळ परवडणारे नव्हते. त्यांनी एक आदर्श माणूस कल्पून त्याला कायमचं उभं केलं. हा माणूस ताठ उभा असतो, नजर समोर, पावलं पुढे, हात शरीरालगत आणि तळहात पुढे वळवलेले. खरा रुग्ण उताणा, पालथा, कुशीवर, स्कूटरवरून पडून गटारात कसाही असो; शब्द वापरायचे ते या उभ्या माणसाच्या हिशोबाने. पुढचं ते अँटेरिअर, मागचं पोस्टेरिअर, डोक्याकडचं सुपिरिअर, पायाकडचं इन्फिरिअर, मध्यरेषेजवळचं मीडिअल, बाजूचं लॅटरल. खाटेवर उताण्या माणसाचं अँटेरिअर त्यामुळे छताकडे असतं आणि सुपिरिअर उशीकडे. एकच अवयव कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली असतो, नायब तहसीलदारासारखा. गुडघा घोट्याला सुपिरिअर आणि कमरेला इन्फिरिअर.

"ह्यांचा गुडघा इन्फिरिअर नाहीये," काकू म्हणाल्या. "इन्फिरिअर काही असेलच, तर ज्याने मखर काढायची कल्पना काढली ते."

"काकू, ते सगळ्यात सुपिरिअर असतं."

"कुणी ठरवलं?"

पुतण्याने ती मुद्रा प्रत्यक्ष करून दाखवायचं ठरवलं. हॉलच्या मधोमध तो ताठ उभा राहिला, हात खाली, तळहात पुढे. करून पाहिल्याशिवाय कळत नाही की अशा रीतीने जगात कुणीही, कधीही उभं राहत नाही. हात सैल सोडले तर तळवे मांडीकडे वळतात. पुढे ठेवायचे तर मुद्दाम फिरवावे लागतात. त्यालाही कारण आहे. तळहात पुढे असताना कोपराखालची दोन हाडं शेजारी शेजारी, समांतर राहतात. तळहात मागे वळवला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून तिरकं जातं, आणि मग वर्णन करणाऱ्याची तारांबळ उडते. पुतण्या हे सांगत असतानाच मंडळाची पोरं वर्गणीला आली. दार उघडंच होतं. आत एक बऱ्या घरातला माणूस दोन्ही रिकामे तळवे दाखवत, शून्यात बघत उभा होता. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पावतीपुस्तक धरलेला पोरगा हळू आवाजात म्हणाला, "राहू द्या काका, नंतर येतो."

अनंत चतुर्दशीपर्यंत पुतण्याने रोज संध्याकाळी असंच येऊन उभं राहावं, अशी सूचना काकूंनी केली.

सोसायटीत संस्कृतचे एक निवृत्त सर राहतात. ते समाचाराला आले आणि हे सगळं आपल्याकडे आधीच होतं, असं म्हणाले. या वाक्याशिवाय ते कुणाच्याच समाचाराला जात नाहीत. पण या खेपेला त्यांचं म्हणणं निम्मं खरं निघालं. आपला आदर्श माणूस उगवतीकडे तोंड करून उभा असतो. पुढचं ते पूर्व, मागचं ते पश्चिम आणि उजव्या हाताचं ते दक्षिण. 'दक्षिण' म्हणजे मुळात उजवा. लॅटिनचा 'डेक्स्टर' हा त्याचा चुलतभाऊ. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरायचं ती प्रदक्षिणा. दख्खन हा शब्द दक्षिणेवरूनच आला, तेव्हा पुतण्याने हिशोब केला की आपण सगळे मुळात उजव्या हाताचे लोक.

"आणि सव्य म्हणजे?" काकांनी विचारलं. जानवं नेहमीसारखं डाव्या खांद्यावर असलं की सव्य आणि श्राद्धात उजव्या खांद्यावर घेतलं की अपसव्य, एवढं त्यांना माहीत होतं. "सव्य म्हणजे उजवं ना?"

"डावं," सर म्हणाले. "डाव्या हातानेही बाण मारायचा म्हणून अर्जुन सव्यसाची."

"मराठीत तर उजवं म्हणतात."

"संस्कृतातही कुणी कुणी म्हणतं," सर म्हणाले आणि घड्याळ बघून उठले.

मराठीने या कामात लॅटिनपेक्षा कमी घोळ घातलेले नाहीत. 'पार्श्व' म्हणजे संस्कृतात कूस, बाजू, डॉक्टरांचं लॅटरल. पण आपण पार्श्वगायक पडद्यामागे बसवला, पार्श्वभूमी सगळ्याच्या मागे पसरली, आणि पार्श्वभाग कुठे गेला ते चारचौघांत सांगायची सोय नाही. प्राणिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत पोटाकडच्या, खालच्या बाजूला 'अधर' म्हणतात. प्रस्तुत लेखकाने कॉलेजात प्रेमकविता लिहिल्या त्याच सुमारास हा शब्द बेडकाच्या संदर्भात त्याच्या वाचनात आला. कविता तिथेच थांबल्या. तिथेही महाराष्ट्र वाचला.

झोपण्याच्या बाबतीत मात्र मराठी माणसाला लॅटिनची मुळीच गरज नाही. उताणा, पालथा, कुशीवर: तीन शब्दांत काम संपतं. तिकडचे विद्यार्थी 'सुपाइन' हाताच्या ओंजळीत सूप मावतं, अशी खूण पाठ करतात. इकडच्याला तीर्थ पुरतं. तीर्थ घेताना हात असतो तो सुपाइन; पालथ्या घड्यावर पाणी टाकताना घडा असतो तो प्रोन.

आता हे सगळं दोन पायांवर चालणाऱ्यांचं झालं. शेजारच्यांचा लॅब्रॅडोर लंगडायला लागला, तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला. माणसाचं पुढे म्हणजे पोट जाईल ती दिशा. कुत्र्याचं पुढे म्हणजे डोकं जाईल ती. क्रिकेटपटूंच्या गुडघ्यातला जो बंध फाटल्याची बातमी येते तो अँटेरिअर क्रुशिएट. तोच बंध कुत्र्याच्या गुडघ्यात फाटला की पशुवैद्य त्याला 'क्रेनिअल' क्रुशिएट म्हणतात, म्हणजे कवटीकडचा. पण खुद्द कवटीच्या आत 'कवटीकडे' म्हणून जाणार कुठे? तिथे मग 'रोस्ट्रल' म्हणायचं, चोचीकडे. कुत्र्याला चोच नसते, हे पशुवैद्यांना माहीत आहे.

या रोस्ट्रलची चोच मात्र फार प्रवास केलेली आहे. रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी ३३८ मध्ये अँटिअमच्या लढाईत शत्रूची जहाजं पकडली आणि त्यांच्या नाकांवरच्या धातूच्या चोची काढून आणून भाषणाच्या ओट्याला ठोकल्या. त्या ओट्याचं नाव रोस्ट्रा, म्हणजे चोची. शाळेच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणे ज्याला धरून तास-तास बोलतात तो रोस्ट्रम याच वंशातला. 'चोच चालवणं' हा वाक्प्रचार रोमनांना सुचला नाही. त्यांनी नुसत्या चोची ठोकल्या.

'डॉर्सम' म्हणजे पाठ, इथवर ठीक होतं. पण जिभेची पाठ वर असते, आणि पावलाचीही वरची बाजू ही पाठच. पावलाच्या पाठीचं खापर पोटातल्या बाळावर फोडावं लागतं. वाढताना त्याचे पाय आतल्या बाजूला वळतात, हात बाहेरच्या. म्हणून तळहात पुढे केल्यावर अंगठे बाहेर जातात, पण पायाचे अंगठे एकमेकांकडे बघत राहतात, आणि गुडघा मागे दुमडतो तो कोपराच्या उलट. मेंदूत तर आणखी मजा आहे. माणूस उभा राहिला पण नजर समोर हवी, म्हणून कण्यावरून वर आलेला अक्ष मेंदूपाशी पुढे वाकतो. परिणामी मज्जारज्जूची डॉर्सल बाजू पाठीकडे आणि मेंदूची डॉर्सल बाजू टाळूकडे. एकाच माणसात वळणावर दिशा बदलते. कोकणात जाणाऱ्या एसटीतल्या खिडकीच्या सीटसारखं. निघताना सावली होती, पोचेपर्यंत ऊन.

कोकणावरून आठवलं, बाजारात लेप नावाचा चपटा मासा मिळतो. त्याचे दोन्ही डोळे वरच्या बाजूला असतात, म्हणून वरची ती पाठ आणि खालची ते पोट असं घेणारा समजतो. प्रत्यक्षात तो मासा जन्मभर कुशीवर झोपलेला असतो. लहानपणी त्याचा एक डोळा डोकं ओलांडून दुसऱ्याच्या शेजारी येऊन बसतो; लेपाच्या कुळात दोन्ही डावीकडे जमतात. आपण ज्याला वर म्हणतो ते त्याचं डावं, खाली म्हणतो ते उजवं. डावं-उजवं करू नये म्हणतात, ते यानेच मनावर घेतलं असावं. झ्होफ्र्वा सेंतिलेर नावाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने तर १८२२ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. त्याने शेवंडीच्या जातीतला लॉब्स्टर उताणा केला आणि त्याची आतली रचना पृष्ठवंशी प्राण्यासारखी दिसते, असं सांगितलं. वरची मज्जा, खालचं आतडं, सगळं जुळलं. १८३० मध्ये क्यूव्हिए या दुसऱ्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने भर विज्ञान अकादमीत त्याच्याशी कडाक्याचा वाद घातला. नंतर १९९० च्या दशकात जनुकं तपासणाऱ्यांना आढळलं की, माशीची पोटाकडची बाजू ठरवणारं जनुक आणि आपली पाठीकडची बाजू ठरवणारं जनुक ही सख्खी भावंडं आहेत. म्हणजे बेडूक पालथा घालणारा विद्यार्थी फक्त चुकीच्या प्राण्याच्या परीक्षेला बसला होता. परीक्षकांना हे कळवायला हवं.

शब्द नीट लावायचा प्रयत्न कुणी केलाच नाही, असं नाही. एडिंबरोच्या जॉन बार्कलेने १८०३ मध्ये शरीरशास्त्राच्या नव्या परिभाषेचं एक पुस्तकच काढलं. धडाजवळचं ते प्रॉक्सिमल आणि लांबचं ते डिस्टल, ही जोडी त्याची देणगी. कोपर मनगटापेक्षा प्रॉक्सिमल, बोटं सगळ्यात डिस्टल. त्याचे बाकीचे पुष्कळ शब्द पडले. डोक्याकडच्या दिशेला 'अटलांटल' म्हणा, हे कुणी ऐकलं नाही. ही जोडी टिकली, कारण ती प्रत्येक घरात आधीपासून होती. नातेवाईक प्रॉक्सिमल की डिस्टल हे कुठून मोजायचं, एवढाच वाद असतो. लग्नात ते आहेरापासून मोजतात, वाटणीत सातबाऱ्यापासून.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परिस्थिती अशी झाली की, एकाच अवयवाला पॅरिसमध्ये एक नाव, लंडनमध्ये दुसरं, आणि जर्मनीत तर दर प्राध्यापकाला वेगळं. सुमारे ५०,००० नावं साचली होती. घरात बाळू, शाळेत बाळकृष्ण, रेशनकार्डावर बाबू आणि बँकेत जुळत नाही म्हणून कुणीच नाही, अशी अवस्था. शेवटी १८९५ मध्ये बाझलला जर्मन शरीरशास्त्रज्ञांनी सभा भरवून पाच हजारांच्या आसपास नावांवर काम भागवलं. ज्याने सोसायटीची वार्षिक सभा पाहिली आहे, त्याला पुढचं सांगायला नको. ठराव मंजूर झाला आणि भांडणं सुरू झाली. १९३३ मध्ये ब्रिटिशांनी बर्मिंगहॅमला आपली वेगळी दुरुस्ती काढली. १९३५ मध्ये जर्मनांनी येनाला जमून ठरवलं की, शब्द सगळ्या प्राण्यांना लागू व्हायला हवेत; तेव्हा सुपिरिअर-इन्फिरिअर सोडा, कवटीकडे आणि शेपटीकडे म्हणा. थोडक्यात, शास्त्राच्या सोयीसाठी माणसाने पुन्हा चार पायांवर यावं. वीस वर्षं हा तंटा चालला. १९५५ मध्ये पॅरिसला समेट झाला आणि माणूस परत दोन पायांवर उभा राहिला. १९९८ मध्ये नवी यादी निघाली, तरी जुनी नावं घेणारे जुने डॉक्टर काही कमी झाले नाहीत. गल्लीचं नाव बदललं म्हणून रिक्षावाले कुठे बदलतात?

दातांचे डॉक्टर या सगळ्यात नसतात. त्यांचा संसार वेगळा. त्यांच्याकडे गालाकडची बाजू बक्कल, जिभेकडची लिंग्वल, आणि अक्कलदाढ सगळ्यात डिस्टल. काका मागे दाढ दुखते म्हणून गेले, तेव्हा डॉक्टर मदतनीसाला म्हणाले, "छत्तीस काढावा लागेल."

काका खुर्चीतून उठले. "मुळात बत्तीस असतात."

दातांना क्रमांक देताना तोंडाचे चार भाग करतात: वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार. प्रत्येकात मध्यापासून मोजायचं. खालच्या डाव्या भागातला सहावा तो तीन-सहा. उजवं-डावं इथेही रुग्णाचंच. पण काकांनी डॉक्टरशी जो छत्तीसचा आकडा धरला, तो दाढ निघाली तरी सुटला नाही.

काकूंचं डोळ्याचं प्रकरण याहून सरस. गेल्या वर्षी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. थेंबांच्या चिठ्ठीवर 'ओडी' लिहिलं होतं. दिवसातून एकदा, याचं ते आपल्याकडचं रूढ आद्याक्षर. पण तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मोबाइलवर शोधून सांगितलं की ओडी म्हणजे 'ऑक्युलस डेक्स्टर', उजवा डोळा. हेही खरंच आहे. चष्म्याच्या नंबरावर तेच लिहितात. काकूंनी दोन दिवस धडधाकट उजव्या डोळ्यात थेंब घातले. तपासणीत डॉक्टर म्हणाले, "उजवा छान आहे." काकू म्हणाल्या, "असणारच."

सोमवारी कमरेचे डॉक्टर भेटले. ऑपरेशन नको, व्यायाम करा, म्हणाले. काका किंचित खट्टू झाले. त्यांनी रविवारी रात्री जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया-यादीबद्दल वाचून ठेवलं होतं. तीत १९ मुद्दे असतात, आणि भूल देण्याआधीच कुठल्या बाजूला कापायचं तिथे खूण केलेली आहे ना, हे बघायचं असतं. एवढ्या शिकलेल्या लोकांनाही पायावर पेनने लिहावं लागतं, याचा काकांना मोठा आधार वाटला होता.

फिजिओथेरपीच्या पहिल्या दिवशी मुलगी समोर उभी राहून म्हणाली, "काका, उजवा पाय उचला." तिने आपला उजवा उचलून दाखवला. काकांनी आरशात बघितल्यासारखा डावा उचलला. "उजवा," ती म्हणाली. "तुझ्या बाजूचाच उचललाय की," काका म्हणाले. मग ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. काका वळून पुन्हा तिच्या समोर आले. असं दोन फेऱ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी काकांनी मार्कर घेतला आणि उजव्या नडगीवर मोठ्या अक्षरांत 'हाच' असं लिहिलं. बरोबर पायावर आलंय ना, ते बघायला धोतर गुडघ्यापर्यंत धरून कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले. काकू मागून आल्या. त्यांनी चष्मा सारखा केला, आरशात वाकून बघितलं आणि उलटी अक्षरं जुळवत वाचलं: "चा...ह."

"मेलं पायावर कशाला लिहायचं?" त्या म्हणाल्या. "सरळ तोंडाने मागता येत नाही का?"

आणि आत जाऊन त्यांनी दिवसाचा तिसरा चहा टाकला.